भुवयांमधली अरुंद पट्टी

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र छापून आलं. खाली सही फक्त ‘बी. एल.’ एवढीच. सोबत एका मराठा माणसाचं चित्र होतं. त्याच्या कपाळावर मोठा वण होता, आणि चेहऱ्याच्या मधोमध असलेलं नाक त्याच कपाळाच्या कातडीचं होतं. आमच्या प्लॅस्टिक सर्जरीच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात हे चित्र असतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नाकापेक्षा खालचा मजकूर खिळवून गेला. हा माणूस श्रीरंगपट्टणजवळ इंग्रजांच्या मुंबई फौजेत परत आला, असं त्यात होतं. श्रीरंगपट्टण म्हणजे म्हैसूरपासून पंधरा किलोमीटर. माझ्या वडिलांचं टेलरिंगचं दुकान देवराज मार्केटजवळ होतं आणि आमची निम्मी गिऱ्हाइकं त्या बाजूच्या गावांतली.

आम्ही भावसार क्षत्रिय. घरात मराठी, गल्लीत कन्नड. आमच्या समाजात रंगारी आणि शिंपी पिढ्यान्‌पिढ्या होते. मी सर्जन झालो. चाळीसेक वर्षं म्हैसुरात लोकांची कातडी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेण्याचं काम केल्यावर, हे काम इथे कुठून आलं ते लिहायला हवं असं वाटलं.

त्या माणसाचं नाव इंग्रजीत कावसजी असं उतरलं आहे. जात शेतकरी मराठा. काम बैल हाकण्याचं. १७९० ते १७९२ या काळात इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र येऊन टिपू सुलतानाशी लढले, त्या युद्धात तो इंग्रजांच्या फौजेत बैलवाला होता. पकडला गेला, आणि टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं.

बैल हाकणाऱ्या गरीब माणसावर एवढा राग का, हे समजायला त्या युद्धातला मे १७९१ चा महिना पाहावा लागतो. कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या दाराशी येऊन पोचला होता. लढाई जिंकलाही होता. पण चारा नव्हता, धान्य संपलं होतं आणि तोफा ओढणारे बैल पटापट मरत होते. किल्ला समोर दिसत असताना त्याला वेढ्याच्या मोठ्या तोफा स्वतःच्या हातांनी निकामी करून मागे फिरावं लागलं. माघार सुरू असतानाच मेलुकोटेच्या बाजूला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन भेटल्या. त्यांच्या तळावरच्या बाजारात धान्य होतं, म्हणून इंग्रज फौज तगली. टिपूला हे सगळं नीट कळत होतं. म्हैसूरच्या राज्याकडे अमृत महाल जातीचे नावाजलेले बैल होते, आणि तोफखान्याचा वेग बैलांवर अवलंबून असतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? शत्रूचा बैलवाला म्हणजे शत्रूच्या तोफेचे पाय. एका बैलवाल्याचं नाक कापून त्याला परत पाठवलं की बाकीचे शंभर जण रात्रीतून पळून जातील, असा तो हिशेब असावा.

नाक कापणं ही काही टिपूने काढलेली शिक्षा नव्हे, आणि केवळ त्याच्या नावावर ती टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. म्हैसूरच्या ओरिएंटल लायब्ररीत आर. शामशास्त्री यांना ताडपत्रावर अर्थशास्त्र सापडलं आणि १९०९ साली त्यांनी ते छापलं. त्यातही नाक-कान कापण्याची शिक्षा आहे, आणि ती स्त्रियांसाठी आहे. टिपूच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी, वडियारांच्या अमदानीत, म्हैसूरची फौज नाकं कापण्यासाठी दक्षिणेत कुप्रसिद्ध होती. कंठीरव नरसराज हा १६३८ ते १६५९ या काळातला राजा. त्याच्या कारकिर्दीच्या शेवटी म्हैसूरच्या सैन्याने मदुरेच्या मुलुखात शिरून दिसेल त्याचं नाक वरच्या ओठासकट कापलं आणि ती नाकं श्रीरंगपट्टणला पाठवली, असं तिथल्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत आहे. मदुरेकरांनी उलट चाल करून तेच म्हैसूरच्या लोकांना केलं. तामिळनाडूत त्या लढाईला आजही नाक कापण्याची लढाई म्हणतात.

पुढे मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने विजापूर आणि म्हैसूर यांच्या लढाईविषयी लिहिताना एक गोष्ट नोंदवली. नाक गेलेले विजापूरचे लोक घरी आले की तिथले शल्यवैद्य भुवयांच्या वरची कपाळाची कातडी सोडवत आणि तिला पीळ देऊन खाली नाकाच्या जखमेवर बसवत. ओल्या जखमेला ओली जखम भिडली पाहिजे म्हणून तो पीळ. आणि श्वास चालू राहावा म्हणून आत काहीतरी घालून ठेवत. अशी नाकं असलेले पुष्कळ लोक आपण पाहिले, असं तो सांगतो. म्हणजे कावसजीच्या शंभर वर्षं आधी, आमच्या याच पठारावर, युद्धाने नाकं कापायची आणि कारागिरांनी ती परत बसवायची, हे दोन्ही धंदे शेजारी शेजारी चालू होते.

कावसजी सुमारे वर्षभर नाकाशिवाय राहिला. कंपनीने त्याला पेन्शन दिली. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. हे काम मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले. पुण्यात तेव्हा चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याच्याच आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार शनिवारवाड्यात सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रं काढत होता. जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, वेल्सने कावसजीचं चित्र काढलं. विल्यम नटर याने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं.

आता त्या पत्रातली कृती सांगतो. मी तिच्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण एकेक पायरी आजही माझ्या ऑपरेशन थिएटरात चालते.

आधी मेणाचा पातळ पापुद्रा करून तो उरलेल्या थोट्यावर नाकाच्या आकारात बसवायचा. मग तो काढून सपाट करायचा आणि कपाळावर ठेवायचा. भोवती रेघ ओढायची. नाक उंच आणि वळणदार, कातडी मात्र सपाट. किती सपाट कातडी घेतली म्हणजे तेवढं वळण झाकलं जाईल, हे या मेणाने कळतं. आम्ही टाक्याच्या पाकिटातला चांदीसारखा कागद वापरतो. बाकी काही बदललं नाही.

मग त्या रेघेवरून कातडी कापून सोडवायची, पण पूर्ण नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची. नवा भाग जुन्या भागाशी एकजीव होईपर्यंत त्या पट्टीतून रक्त चालू राहतं, हे पत्रात स्पष्ट लिहिलं आहे. मग थोट्यावरची जुनी खपली-वण खरवडून तिथे ताजी जखम करायची, नाकपुड्यांच्या कडेने आणि वरच्या ओठावर एक चीर द्यायची, कपाळाची कातडी अर्ध्या वळशाने फिरवून खाली आणायची आणि तिची कड त्या चिरेत खोवायची. टाक्यांचा उल्लेख नाही. विड्याला लावतात तो कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर पसरायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस हात लावायचा नाही. काताचा तुरटपणा रक्त थांबवतो आणि वाळला की तो पट्टी धरून ठेवतो. नंतर तुपात भिजवलेलं कापड. रोग्याने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, भोकं बुजू नयेत म्हणून. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली ती पट्टी कापून टाकायची आणि नाक नीट बेतायचं.

पंचवीस दिवस. आम्ही ती पट्टी तीन आठवड्यांनी कापतो.

त्या पट्टीत काय आहे ते आज आम्हाला नावानिशी माहीत आहे. भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक बारीक रोहिणी वर कपाळात चढते, सुप्राट्रॉक्लिअर तिचं नाव. तिला धरून जेमतेम दीड सेंटिमीटर रुंदीची पट्टी ठेवली तरी अख्ख्या कपाळाचा तुकडा जगतो. ती चुकून कापली गेली तर तो तुकडा दोन दिवसांत काळा पडतो. असा तुकडा कामाला लागला की पहिल्या रात्री आम्ही झोपत नाही. बोटाने दाबायचं, सोडायचं, रंग दोनेक सेकंदांत परत येतो का बघायचं. पांढरा राहिला तर रक्त येत नाही. निळा-जांभळा झाला तर आलेलं रक्त परत जात नाही; मग जळवाही लावतो, अजूनही. माझ्या हाताखालच्या मुलांना मी सांगत असे की टाके सुंदर घालणं सहज शिकता येईल, रंग वाचायला शिका.

पुण्याजवळच्या त्या माणसाला रोहिणीचं नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती. कोणती पट्टी ठेवायची आणि किती दिवस ठेवायची, हे त्याला ठाऊक होतं. पत्रात त्याची ओळख वीटकरी जातीचा माणूस एवढीच दिली आहे. आपल्याकडे वीटभट्टी लावणारे म्हणजे कुंभार.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्या-जोडण्याचा आहे, आणि त्याच्या शेवटाकडे नाक येतं. झाडाचं पान नाकाच्या मापाने कापायचं, त्या मापाचा तुकडा गालाच्या बाजूने सोडवायचा, पण जोडलेलाच ठेवायचा. नाकाचा शेंडा खरवडून त्यावर तो नीट बसवायचा. आत दोन नळ्या घालून तो उचलून धरायचा. वर ज्येष्ठमध, पतंगाचं लाकूड, रसांजन यांची पूड टाकायची, पांढऱ्या कापसाने झाकून तिळाचं तेल शिंपडत राहायचं. पानाच्या जागी मेण आलं, गालाच्या जागी कपाळ आलं. दोन गोष्टी मात्र जशाच्या तशा राहिल्या: तुकडा जोडलेला ठेवायचा आणि श्वासाची वाट आतून उघडी धरायची. मधल्या शतकांत रक्ताला हात लावणं हे हलकं काम ठरलं. श्लोक पाठ असणाऱ्यांनी चाकू खाली ठेवला, आणि ज्यांनी चाकू धरला त्यांच्या हाती लेखणी कोणी दिली नाही. आपल्या वैद्यकाचं याहून मोठं नुकसान दुसरं झालेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने हे पत्र वाचलं. पुढची वीसेक वर्षं तो त्या विचारात होता, प्रेतांवर सराव करत होता. २३ ऑक्टोबर १८१४ या दिवशी त्याने एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. यकृताच्या दुखण्यावर पारा दिल्यामुळे त्याचं नाक झडलं होतं. भूल अजून निघायची होती. दुसरा रोगी अल्ब्यूएराच्या लढाईत पलटणीचं निशाण वाचवताना चेहरा आणि हात गमावलेला शिपाई-अधिकारी होता. दोन्ही नाकं जगली. १८१६ साली कार्प्यूने पुस्तक काढलं, दोन वर्षांनी बर्लिनच्या ग्रेफेने ‘ऱ्हायनोप्लास्टिक’ हे पुस्तक लिहिलं, आणि युरोपात या विद्येला शाखा फुटल्या. तिकडे या कृतीचं नाव ‘भारतीय पद्धत’ असंच आहे. आपल्याकडे जुनागढच्या संस्थानात डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी चार वर्षांत शंभरावर नाकं बसवली आणि १८८९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या भागात एक दरोडेखोर लोकांची नाकं कापत हिंडत होता.

कुंभाराच्या नाकात एक उणीव होती आणि ती आमच्या वडिलांनी एका वाक्यात ओळखली. मी शिकत असताना त्यांना हे चित्र दाखवलं, तर ते म्हणाले, “ह्याला अस्तरही नाही आणि बुकरमही नाही, वर्षभरात कॉलर बसणार.” तसंच होत असे. नाकाला आतून ओली त्वचा लागते, मध्ये कूर्चेचा सांगाडा लागतो, वर कातडी. नुसती कातडी हळूहळू आकसते, नाकपुड्या लहान होतात. आज आम्ही कानाची किंवा बरगडीची कूर्चा घालतो, आतला थर वेगळा बांधतो. पण वर येते ती तीच कपाळाची कातडी, त्याच पट्टीवर लोंबत.

नाक हा श्वासनलिकेचा दरवाजा. त्याच्या आत गेलं की हा प्रश्न फार कठीण होतो, आणि इथे शिंपी, भरतकाम करणाऱ्या बाया आणि रेशीम हे सगळे गोष्टीत येतात.

१८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना लिऑन शहरात सुरा मारला गेला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली होती आणि फाटलेली रक्तवाहिनी शिवणं तेव्हा कोणालाच येत नव्हतं. तिथे वैद्यक शिकणारा तरुण अलेक्सी कारेल याच्या मनाला ते लागलं. लिऑन हे रेशमाचं गाव. कारेल मादाम लेरुदिए या नामांकित भरतकाम करणाऱ्या बाईंकडे जाऊन सर्वांत बारीक सुई आणि रेशमाचा धागा कसा चालवायचा ते शिकला. वाहिनीच्या कडेवर तीन टाके घालून ते ताणले की गोल तोंड त्रिकोणी होतं, मग सरळ रेषेत शिवता येतं. ही त्याची युक्ती आजही प्रत्येक विद्यार्थी शिकतो. १९१२ साली त्याला नोबेल मिळालं. त्याच वर्षी म्हैसुरात नाल्वडी कृष्णराज वडियारांनी रेशीम विणण्याचा कारखाना काढला. म्हैसूरच्या राज्यात रेशमाचा किडा रुजवला तो टिपूने.

रक्तवाहिनीची नळी कापडाची करता येईल हेही रेशमामुळेच सुचलं. न्यूयॉर्कमध्ये आर्थर व्हूरहीज याला कुत्र्याच्या हृदयात राहून गेलेल्या रेशमाच्या टाक्यावर काही महिन्यांनी गुळगुळीत चकचकीत पापुद्रा चढलेला दिसला. त्याने रेशमी रुमालाची नळी शिवून पाहिली, मग व्हिनियॉन नावाच्या कृत्रिम कापडाची. पुढे ती माणसात बसवली गेली. ह्यूस्टनच्या मायकेल डबेकीने दुकानातून डेक्रॉन आणून बायकोच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. हे ऐकून वडील फार खूश झाले होते. त्यांनी मला मशीनवर नळी शिवताना शिवण आत कशी लपवायची ते करून दाखवलं.

पण कापडाची नळी सहा मिलिमीटरहून बारीक केली की ती रक्ताच्या गुठळीने बुजते. पायातल्या, हृदयावरच्या वाहिन्या त्याहून बारीक असतात. म्हणून आजही बायपासला पायातली शीर काढून घेतात, आणि ती खराब असेल तर हात बांधले जातात. यावर जगभर चाललेलं काम असं आहे: विरघळणाऱ्या जाळीच्या नळीवर माणसाच्या स्नायूपेशी वाढवायच्या, त्यांना नाडीसारखे हेलकावे द्यायचे म्हणजे त्या भोवती कोलॅजन विणतात, आणि मग पेशी धुऊन काढायच्या. उरते ती नुसती कोलॅजनची नळी, जी कोणाच्याही शरीरात चालते आणि जिच्यात रोग्याच्या स्वतःच्या पेशी सावकाश येऊन राहतात. अशी सहा मिलिमीटरची एक नळी डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाली, हातापायाची रोहिणी तुटलेल्या जखमींसाठी. त्याआधी ती युक्रेनच्या युद्धातल्या जखमींना बसवली गेली होती. रेशमाच्या प्रथिनापासूनही बारीक वाहिन्या करून पाहिल्या जात आहेत, अजून प्राण्यांतच. म्हैसुरात १९६१ पासून केंद्राची रेशीम संशोधन संस्था आहे. तिथल्या आणि वैद्यकातल्या माणसांनी एका टेबलाशी बसावं असं मला कितीतरी वर्षं वाटतं.

श्वासनलिकेचं दुखणं वेगळं आहे. दहा-बारा सेंटिमीटरची ही नळी. व्हेंटिलेटरची नळी घशात फार दिवस राहिली की कधीकधी ती आतून आवळत जाते. कोविडनंतर असे रोगी आमच्याकडे वाढले. शिट्टीसारखा आवाज करत श्वास घेणारा माणूस समोर बसला असताना त्याच्याकडे बघणंसुद्धा जड जातं. निम्म्यापर्यंतचा भाग कापून दोन टोकं जोडता येतात. त्याहून जास्त गेला तर बसवायला दुसरं काही नाही, कारण श्वासनलिकेला एक अशी मोठी रोहिणीच नाही. दोन्ही बाजूंनी केसासारख्या बारीक वाहिन्या येतात. आणि जिवंत पेशी रक्ताच्या केशवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा दूर फार काळ जगत नाही.

२०११ मध्ये स्टॉकहोमच्या करोलिन्स्का रुग्णालयात पाओलो मॅकियारिनी याने प्लॅस्टिकच्या श्वासनलिकेवर रोग्याच्या मूळपेशी पेरून ती माणसात बसवली. जगभर टाळ्या पडल्या. तिथे ज्या तिघांना ती बसवली ते तिघेही पुढे मरण पावले. २०२३ साली स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची कैद सुनावली. त्या प्रकरणात खोटेपणा होता, घाई होती, मोठेपणाची हाव होती. ते सगळं न्यायालयाने पाहिलं. सर्जन म्हणून मला दिसतं ते एवढंच की त्या नळीला रक्ताची वाट नव्हती. भुवयांमधली पट्टीच नव्हती.

त्याउलट बेल्जियममध्ये ल्यूव्हेन इथे पिएर डेलाएर यांनी २००८ साली मृत दात्याची श्वासनलिका आधी रोगी बाईच्या हाताच्या कोपराखालच्या भागात, कातडीखाली पुरली. काही महिने ती तिथेच ठेवली. तिच्या भोवती त्या बाईच्या रक्तवाहिन्या वाढल्या, आत तिचं स्वतःचं अस्तर चढलं. मग ती त्या वाहिन्यांसकट उचलून गळ्यात नेली आणि वाहिन्या जोडल्या. ती जगली. २०२१ मध्ये न्यूयॉर्कला दात्याची श्वासनलिका तिच्या बारीक रक्तवाहिन्यांसकट काढून बसवली गेली. या दोन्ही ठिकाणी जे केलं गेलं त्याला मी कुंभाराच्या परंपरेतलं काम मानतो. आधी रक्त पोचू द्यायचं, मग तोडायचं.

ही विद्या फक्त सैनिकांसाठी नव्हती, हेही सांगायला हवं. युद्धं येत-जात, पण गावोगावची बरीचशी नाकं बायकांची कापली जात होती, नवऱ्याकडून, दिराकडून, पंचांच्या निकालाने. हे थांबलेलं नाही. माझ्यासमोर अशा बाया बसल्या आहेत, पदराने चेहरा झाकून, बरोबर फक्त आई. कपाळाची कातडी खाली आणल्यावर तीन आठवडे नाकावर ती सोंडेसारखी पट्टी घेऊन राहावं लागतं आणि त्या काळात आरसा मागायला त्या घाबरतात. मी त्यांना पंचविसाव्या दिवसाची ती गोष्ट सांगत आलो आहे: सव्वादोनशे वर्षांपूर्वी एक माणूस असाच पडून होता, आणि त्याचं चित्र अजून जगभर बघतात.

श्रीरंगपट्टणला गेलात तर दर्या दौलतच्या भिंतीवर पोळ्ळिलूरच्या लढाईची चित्रं दिसतील, इंग्रज कैद्यांना ठेवत असलेलं बेलीचं तळघर दाखवतील, गुंबजाशी गर्दी असेल. कावसजीची खूण कुठे नाही. आणि ज्याने त्याला नाक दिलं त्याचं तर नावही नाही. कापवणाऱ्याचं नाव आहे, ज्याचं कापलं त्याचं आहे, बघणाऱ्या दोन डॉक्टरांची आहेत, रेसिडेंटचं, चित्रकाराचं, कोरणाऱ्याचं आहे. पुण्यात मॅलेट आणि वेल्स यांच्यासाठी चित्रं काढणाऱ्या गंगाराम तांबटाचं नावही टिकलं. कारेलला सुई धरायला शिकवणाऱ्या लिऑनच्या बाईंचं नाव फ्रेंचांनी जपलं.

ते नाव शोधण्याचं काम म्हैसुरात बसून होण्यासारखं नाही. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तर आहे, मॅलेटच्या रेसिडेन्सीचे कागद आहेत, आणि पुण्यात व आजूबाजूच्या गावांत कुंभारांची जुनी घराणी आहेत, ज्यांच्याकडे इनामाचे, वतनाचे मोडी कागद पेटीत पडून असतील. शके १७१४ आणि १७१५ या दोन वर्षांचे कागद पाहावेत. इंग्रज वकिलाकडून कोणा कुंभाराला, वीटकऱ्याला किंवा वैदूला पैसे, वस्त्र, जमीन मिळाल्याची नोंद आहे का, नाक किंवा जखम यांचा उल्लेख आहे का, तेवढं बघावं. ज्यांना मोडी येते त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: असा एखादा कागद हाती लागला तर तो छापा, आणि पहिल्या ओळीत त्या माणसाचं नाव लिहा.